जमीन दाखवणाऱ्याचा टक्का

कामथडीच्या पट्ट्यात जमीन दाखवायला नेणारा एजंट पार्टीला, म्हणजे घेणाऱ्याला, गट नंबर सांगत नाही. गाव सांगतो, क्षेत्र सांगतो, रस्ता किती फुटी, विहीर आहे की बोअर, लाइटचा खांब किती लांब, हे सगळं सांगतो. सातबारा मात्र ‘आधी पसंत पडू द्या, मग टोकनचं बोलू’ असं म्हणून खिशातच ठेवतो. पुण्याहून आलेल्या माणसाला यात लपवाछपवी दिसते आणि कधी कधी ती असतेही. पण बहुतेक वेळा कारण साधं असतं. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर गट नंबर टाकला की मालकाचं नाव, त्याच्या भावाबहिणींची नावं, कुठल्या सोसायटीचा बोजा आहे ते घरबसल्या दिसतं. नाव कळलं की गावात येऊन किराणा दुकानात घर विचारायचं. एजंटाकडे विकायला असते ती एवढीच माहिती. ती एकदा हातातून गेली की त्याच्या टक्क्याला आधार उरत नाही.

‘पार्टी डायरेक्ट झाली’ हे तीन शब्द इथल्या चहाच्या टपरीवर कुणी उच्चारले, तर पुढचं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ज्याने जमीन दाखवली त्याला बाजूला ठेवून घेणारा आणि विकणारा परस्पर भेटले, खरेदीखत झालं आणि कमिशन बुडालं. दलालीच्या धंद्याइतकीच ही तक्रार जुनी आहे. पण गेल्या काही वर्षांत भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या जमिनीला जो भाव आला, त्यामुळे बुडणारी रक्कम मोठी झाली आणि ती बुडाल्यावर होणारी कटुताही.

कामथडी भोर तालुक्यात, पुणे-सातारा महामार्गावर आहे. खेड शिवापूरचा टोलनाका मागे पडला की वरवे, केळवडे, मग नसरापूरचा चेलाडी फाटा लागतो. चेलाडीहून उजवीकडे वळलेला रस्ता वेल्ह्याला, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी जातो. महामार्गाने पुढे गेलं तर कापूरहोळहून एक फाटा भोरला आणि दुसरा नारायणपूर-सासवडकडे. दोन तालुक्यांचं तोंड या पट्ट्यात आहे, त्यामुळे जमीन बघायला निघालेला जवळजवळ प्रत्येक पुणेकर इथल्याच हॉटेलांवर मिसळ खायला थांबतो आणि याच फाट्यांवर त्याला एजंट भेटतो. भाटघर, नीरा देवघर आणि गुंजवणी धरणांच्या पाण्याकाठची जागा, किल्ल्याचा देखावा असलेली उतरणीची जागा, महामार्गाला लागून गोदामासाठी जागा, पुण्याचा रिंगरोड भोर तालुक्यात येऊन मिळणार म्हणून घेऊन ठेवायची जागा: प्रत्येक गिऱ्हाइकाची मागणी निराळी. भात आणि थोडा भाजीपाला पिकवणाऱ्या कुटुंबांच्या दोन-तीन एकरांना या मागण्यांमुळे एकदम गुंठ्यावर भाव बोलला जाऊ लागला.

एकरावरून गुंठ्यावर आलेला हा हिशेब महत्त्वाचा आहे. एकराचे गुंठे चाळीस. समजा, एका गुंठ्याला दोन लाख ठरले, तर एकराचे ऐंशी लाख होतात. रूढ बोलीप्रमाणे घेणाऱ्याकडून दोन टक्के आणि विकणाऱ्याकडून दोन टक्के धरले, तर तीन लाख वीस हजार रुपये कमिशन होतं. ज्या घरात वर्षाच्या भातातून एवढी रक्कम कधी दिसली नाही, त्या घरातल्या मुलाने ती जमीन दाखवलेली असते. आणि ज्या दोघांनी ती द्यायची, त्यांच्या मनात खरेदीखताच्या आदल्या दिवशी एकच प्रश्न येतो: याने केलं काय? फक्त दाखवली.

त्याने काय केलं ते जरा जवळून बघायला हवं, कारण सगळा वाद तिथेच आहे.

पुण्यातला माणूस इस्टेट एजंटाला फोन करतो. तो एजंट नसरापूरच्या एकाला, तो गावातल्या एकाला. शेवटचा हा गावातला माणूस म्हणजे बहुधा तिशीतला तरुण. स्वतःची थोडी शेती, एक मोटारसायकल, फोनमध्ये ओळीने ‘पार्टी’ या आडनावाने साठवलेले नंबर. कुणाला मुलीच्या लग्नासाठी विकायचं आहे, कुणाचं पोरगं पुण्यात फ्लॅट घेतंय, कोणत्या भावांचं जमत नाही, हे त्याला ठाऊक असतं. त्याला बांध माहीत असतो. सातबाऱ्यावर एकर दिसत असलं तरी त्यात पोटखराबा किती, ओढ्याने किती नेलं, शेजाऱ्याने नांगराच्या तासातासाने किती आत घेतलं, हे त्याला चालून माहीत असतं. जमीन वर्ग एकची आहे की वर्ग दोनची, देवस्थानची इनामी आहे का, धरणग्रस्ताला मिळालेली आहे का, कुळाचं नाव कधी लागलं होतं का, या प्रश्नांची उत्तरं वकिलाच्या सर्च रिपोर्टच्या आधी त्याच्याकडे असतात. पंतसचिवांचं भोर संस्थान १९४८ साली विलीन झालं. इनाम-वतनाच्या नोंदींचा गुंता इथे आजही जुन्या फेरफारांत सापडतो आणि तो कुठल्या म्हाताऱ्याला आठवतो हेही या पोराला माहीत असतं.

आणि मग सह्या. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क दिला, तेव्हापासून खरेदीखताला बहिणींच्या सह्या लागतात. एक बहीण खंडाळ्याला दिलेली, एक मुंबईत कामगार वस्तीत, एकीचं माहेराशी बोलणं बंद. या सगळ्यांच्या घरी जाऊन, चहा घेऊन, भावाने कबूल केलेली रक्कम खरोखर मिळेल याची हमी स्वतःच्या तोंडाने देऊन त्यांना भोरच्या दुय्यम निबंधक कार्यालयात एका दिवशी हजर करणं हे काम कोण करतं? पुण्याचा एजंट नक्कीच करत नाही. पार्टीला तर या बहिणी आहेत हेच उशिरा कळतं. व्यवहार डायरेक्ट होतो तो या सगळ्या फेऱ्या झाल्यावर, वाट मोकळी झाल्यावर. म्हणून ‘फक्त दाखवली’ हे वाक्य अन्यायाचं आहे. ज्याने ते उच्चारलं त्याला व्यवहार सोपा वाटला, कारण दुसऱ्या कुणीतरी तो सोपा करून ठेवला होता.

डायरेक्ट होण्याच्या तऱ्हा ठरलेल्या आहेत. सर्वांत सरळ तऱ्हा म्हणजे जमीन बघताना मालकाच्या खिशात हळूच कार्ड सरकवायचं. दुसरी, ‘घरच्यांना पसंत नाही’ असं एजंटाला कळवून चार-सहा महिने गप्प बसायचं आणि मग परत यायचं. तिसरी तऱ्हा अधिक पक्की: खरेदीखत मेव्हण्याच्या, सुनेच्या किंवा भागीदाराच्या नावाने करायचं, म्हणजे ज्याला जमीन दाखवली त्याचं नाव कागदावर येतच नाही. मालकही यात सामील असतो, कारण त्यालाही टक्के द्यायचे असतात. कधी मालकच पुढाकार घेतो: ‘एजंटाला कशाला, मी गुंठ्यामागे पाच हजार कमी करतो.’ वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत ‘एजंट क्षमस्व’ छापणाऱ्याचा मार्ग सरळ असतो. त्याने मुळातच कुणाची मदत मागितलेली नसते. दोष त्याचा आहे, जो मदत घेतो आणि मग क्षमस्व म्हणतो.

एजंटाला हे कळतं कसं? पूर्वी गावात कुजबूज होई तेव्हा. आता ज्या ऑनलाइन नोंदींनी त्याचा गट नंबर उघडा पाडला, त्याच नोंदी त्याच्या उपयोगी पडतात. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन, म्हणजे सगळे ज्याला इंडेक्स टू म्हणतात तो उतारा, शोधता येतो. त्यात लिहून देणारा, लिहून घेणारा, मोबदला, तारीख सगळं असतं. खरेदीखतानंतर तलाठ्याकडे फेरफाराची नोंद धरली जाते, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे तिची प्रत चावडीवर लागते, संबंधितांना नोटीस जाते आणि हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. चावडीवरच्या त्या कागदावर ओळखीचा गट नंबर आणि अनोळखी आडनाव दिसलं, की ज्याने बांध चालून दाखवला होता त्याला सगळं उमगतं.

यानंतरचा प्रवास बहुधा बैठकीने सुरू होतो. एखाद्या हॉटेलात दोन्हीकडची चार माणसं बसतात, एखादा माजी सरपंच किंवा सोसायटीचा संचालक मधे असतो. ‘याचे कष्ट आहेत, काहीतरी द्या’ असं ठरतं आणि चार टक्क्यांचा वाद पन्नास हजारांवर मिटतो. तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली तेव्हा अशा वादांना गावातच तोंड मिळावं हीच कल्पना होती. पण तंटामुक्ती समितीपुढे दोन्ही बाजू गावच्या असाव्या लागतात. इथे एक बाजू कोथरूडला किंवा बाणेरला राहते, तिला समितीचं बोलावणं लागू पडत नाही, आणि एकदा खरेदी झाली की तिला गावाच्या शब्दाची गरजही उरत नाही.

पोलीस ठाण्यात गेलं तर ‘दिवाणी स्वरूपाचा वाद आहे’ हे उत्तर मिळतं आणि ते बरोबरही असतं. कबूल केलेले पैसे दिले नाहीत, एवढ्याने गुन्हा होत नाही. चिडलेला माणूस इथे चुकीच्या वाटेला लागतो. पोहोचरस्त्यावर दगड टाकतो, कंपाउंडचं काम अडवतो, किंवा मालकाच्या एखाद्या चुलतभावाला उभं करून फेरफाराला हरकत घ्यायला लावतो. धमकावून पैसे मागितले तर भारतीय न्याय संहितेखाली खंडणीचं कलम त्याच्यावरच लागू शकतं. ज्याचे पैसे खरोखर बुडाले तोच आरोपी होतो, हा या वादांतला सर्वांत वाईट शेवट.

मग कोर्ट उरतं. आणि कायदा, अनेकांना वाटतं त्यापेक्षा, दलालाच्या बाजूचा आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्यात दलालीचा करार लेखी हवा असं कुठेही म्हटलेलं नाही. तोंडी करारही करारच. कलम २१९ म्हणतं, वेगळं काही ठरलेलं नसेल तर काम पुरं झाल्यावर एजंटाचा मोबदला देय होतो. कलम ७० आणखी पुढे जातं: एखाद्याने फुकट करण्याचा हेतू नसताना दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केलं आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने भरपाई दिली पाहिजे. दावा तीन वर्षांच्या मुदतीत लावायचा असतो.

या विषयावरचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने स्थापनेच्या वर्षीच, १९५० मध्ये दिला. अब्दुल्ला अहमद विरुद्ध अनिमेंद्र किसन मित्र हे प्रकरण कलकत्त्यातल्या अमरतल्ला स्ट्रीटवरच्या २७ नंबरच्या मिळकतीचं. मालकाने ५ मे १९४३ रोजी दलालाला पत्र दिलं. किंमत एक लाखाच्या खाली नको. लाखाला गिऱ्हाईक आणलं तर एक हजार रुपये. लाख ते एक लाख पाच हजार यांमधली वरची सगळी रक्कम दलालाची, शिवाय ते हजार. त्याच्याही वर किंमत मिळाली तर सहा हजार आणि वाढीव रकमेचे पंचवीस टक्के. मुदत एक महिना. गुंठ्याला अमुक आमचे, वरचे तुमचे, ही भोरमध्ये आज चालणारी बोली ऐंशी वर्षांपूर्वी कलकत्त्यात इतक्या नेटक्या शब्दांत कागदावर उतरली होती.

दलालाने मुदत संपायच्या आत, २ जूनला, एक लाख दहा हजारांचं गिऱ्हाईक आणलं. मालकाने त्यानंतर दलालाचा अधिकार रद्द केला आणि मिळकत त्याच खरेदीदारांच्या वतीने पुढे आलेल्या व्यक्तीला एक लाख पाच हजारांना विकली.

पाच हजार कमी का घेतले, हे कागद-पेन्सिल घेऊन बसलं की दिसतं. एक लाख दहा हजारांवर दलाली होते सहा हजार अधिक साडेबाराशे, म्हणजे ७,२५० रुपये. ती दिली असती तर मालकाच्या हातात १,०२,७५० उरले असते. परस्पर विकून त्याला १,०५,००० मिळाले, फायदा २,२५० चा. खरेदीदाराचे वाचले ५,०००. दोघांच्या फायद्याची बेरीज ७,२५०. दलालाचा पैसा दोघांनी नेमका वाटून घेतला. ‘आपण दोघं समजून घेऊ’ म्हणणाऱ्या प्रत्येक डायरेक्ट व्यवहाराचा ताळेबंद असाच असतो. जमिनीच्या किमतीत कुणी काही वाचवलेलं नसतं, तिसऱ्याची मजुरी वाचवलेली असते.

सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. दलालाला मालकाच्या वतीने विक्रीचा पक्का करार करण्याचा अधिकार नव्हता, त्याने परस्पर ‘सौदा पक्का’ म्हटलं म्हणून मालक बांधला गेला नाही. पण पत्राने त्याच्यावर टाकलेलं काम गिऱ्हाईक मिळवून देण्याचं होतं, ते त्याने मुदतीत केलं होतं, म्हणून मोबदल्याचा त्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला.

या विचाराची मुळं इंग्लंडच्या जुन्या निकालांत आहेत. ग्रीन विरुद्ध बार्टलेट या १८६३ च्या खटल्यात तत्त्व मांडलं गेलं, की घेणारा आणि विकणारा यांचं नातं एजंटाच्या कृतीमुळे जुळलं असेल, तर प्रत्यक्ष विक्री त्याच्या हातून झाली नाही तरी कमिशन त्याचं. १९१० मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या कोळसा खाणीचा वाद आला. एजंटाने आणलेल्या गिऱ्हाइकाला कंपनीने त्याच्या पाठीमागे विकलं, तेही त्याने नको म्हटलेल्या अटींवर. तरी व्यवहार घडण्याचं परिणामकारक कारण तोच, म्हणून कमिशन त्याला मिळालं. दुसरी बाजूही न्यायालयांनी सोडलेली नाही. फॉक्स्टन्स या लंडनच्या एजन्सीचा २००८ चा खटला पाहावा. तिने एका महिलेला घर दाखवलं, त्या वेळी काही जमलं नाही. पुढे तेच घर त्या कुटुंबाने दुसऱ्या एजन्सीमार्फत घेतलं. अपील न्यायालयाने फॉक्स्टन्सला कमिशन नाकारलं, कारण घराशी तिने ओळख करून दिली होती, खरेदीशी नव्हे. एकच जागा तीन एजंट तीन रविवारी दाखवतात आणि तिघेही टक्का मागतात, तेव्हा कामथडीतल्या बैठकीलाही हाच प्रश्न सोडवावा लागतो: कुणाच्या धडपडीमुळे व्यवहार झाला?

मग इतका कायदा बाजूने असताना दावे का लागत नाहीत? पहिलं कारण पुराव्याचं. ‘चार लोकांसमोर कबूल केलं होतं’ असं सांगणारे चारही जण वर्षभराने कुणाचे ना कुणाचे पाहुणे निघतात. दुसरं कारण कुणी मोठ्याने बोलत नाही, पण ते सगळ्यांना माहीत आहे. खरेदीखतात लिहिलेला मोबदला बऱ्याचदा वार्षिक मूल्यदर तक्त्याच्या, म्हणजे रेडीरेकनरच्या आसपास असतो. प्रत्यक्ष देवघेव त्याहून मोठी. कमिशन ठरलेलं असतं प्रत्यक्ष देवघेवीवर. ते मागायचं तर कोर्टात उभं राहून सांगावं लागेल, की इतके लाख रोखीने दिले गेले आणि मी तिथे बसलो होतो. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला आयकर कायद्याने २०१५ पासून मनाई आहे. एजंट गप्प बसतो, आणि तो गप्प बसेल हे पार्टीला ठाऊक असतं. काळ्या पैशाने सरकारचा महसूल बुडतो एवढंच आपण बोलतो. त्याच पैशाने या साखळीतल्या सर्वांत लहान माणसाच्या तोंडाला कुलूप लागतं.

कधी मूळ व्यवहारच डळमळीत असतो. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, कुळकायद्याचं कलम ६३ तसं सांगतं. तुकडेबंदीचं प्रमाणभूत क्षेत्र २०२३ मध्ये जिरायतीला वीस आणि बागायतीला दहा गुंठ्यांवर आलं, तरी पाच-पाच गुंठ्यांचे ‘फार्महाउस प्लॉट’ एकाच सातबाऱ्यावर नावं चढवून विकले जातात. कायद्याला डावलून केलेल्या व्यवहाराचं कमिशन मागायला गेलं, तर करार कायद्याचं कलम २३ आडवं येतं. असे प्लॉट विकणाऱ्याने आपले पैसे बुडाल्याची तक्रार करू नये, हे स्पष्टच सांगायला हवं.

कारण एजंटांची बाजू सगळीकडे स्वच्छ नाही. मालकाला गुंठ्याला दीड लाख सांगायचे, पार्टीला दोन लाख, आणि मधले पन्नास हजार साखळीत वाटायचे. वर दोन्हीकडून टक्केही घ्यायचे. मालकाला ‘वरचे तुमचे’ हे कबूल असेल तर तो त्यांचा करार झाला. पण ते त्याच्यापासून लपवलं असेल, आणि जमीन एजंटानेच आडून घेऊन पुढे विकली असेल, तर कलम २१५ आणि २१६ प्रमाणे मालक व्यवहार नाकारू शकतो किंवा त्यातला फायदा मागू शकतो. कलम २२० म्हणतं, ज्या कामात एजंटाने गैरवर्तन केलं त्या कामाचा मोबदला त्याला मिळणार नाही. वर्ग दोनची जमीन वर्ग एकची म्हणून खपवणं, रस्ता नसताना शेजाऱ्याच्या बांधावरून गाडी नेऊन ‘हाच रस्ता’ म्हणणं, एकच टोकन दोन पार्ट्यांकडून घेणं, हे अनुभव ज्यांनी घेतले ते पुढच्या वेळी थेट मालकाचं घर शोधतात. त्यांना दोष देता येत नाही. डायरेक्ट होण्याची सवय लावण्यात अशा एजंटांचा वाटा मोठा आहे आणि त्याची किंमत प्रामाणिक पोरं मोजतात.

रेरा, म्हणजे स्थावर मिळकतीच्या धंद्याचं नियमन करणारा कायदा, आल्यावर हे सुधारेल असं अनेकांना वाटलं होतं. कायदा २०१६ चा, एजंट नोंदणीच्या तरतुदी १ मे २०१७ पासून लागू. महाराष्ट्राने २०२३ मध्ये एक पाऊल पुढे टाकलं. महारेराने एजंटांना प्रशिक्षण, परीक्षा आणि प्रमाणपत्र सक्तीचं केलं. विनानोंदणी काम करणाऱ्या एजंटाला रोज दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण हे सगळं प्रकल्पातल्या प्लॉट-फ्लॅटला. एका शेतकऱ्याने दुसऱ्याला विकलेल्या एकरभर शेताला रेरा लागू होत नाही, आणि भोर-वेल्ह्यातला मोठा बाजार नेमका तिथे आहे. कमिशन किती असावं हेही रेराने ठरवलेलं नाही. शेतमालाच्या बाजारात निदान अडत कुणी द्यायची यावर सरकारने निर्णय घेतला: २०१६ मध्ये फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. टोमॅटोच्या क्रेटला जो नियम आहे, तो ज्या शेतात टोमॅटो पिकला त्या शेताच्या विक्रीला नाही.

जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवणाऱ्या दलालाची दलाली मात्र सहसा बुडत नाही, कारण पैसे, बैल आणि दलाल एकाच वेळी एकाच झाडाखाली असतात. जमिनीत दाखवणं रविवारी, विसार महिन्याने, साठेखत तिसऱ्या महिन्यात आणि खरेदीखत वर्षाने. या वर्षभरात माणसाचं मन फिरायला वेळ भरपूर मिळतो.

म्हणून कागद हवा आणि तो दाखवण्याच्या आधी हवा. अमेरिकेत यावर मोठी उलथापालथ झाली, जरी वादाचं मूळ वेगळं होतं. घर विकणाऱ्यांनी कमिशनच्या जाचक पद्धतीविरुद्ध खटला भरला, ३१ ऑक्टोबर २०२३ ला मिसुरीतल्या ज्युरीने त्यांच्या बाजूने कौल दिला, आणि नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्सने मार्च २०२४ मध्ये ४१.८ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. तिच्या अटींप्रमाणे १७ ऑगस्ट २०२४ पासून तिथल्या संघटनेच्या एजंटाने खरेदीदाराला घर दाखवण्याआधी लेखी करार करायचा असतो आणि त्यात मोबदल्याचा आकडा किंवा दर स्पष्ट लिहायचा असतो. इंग्लंडमध्ये १९७९ च्या इस्टेट एजंट्स कायद्याने फी कधी आणि कशाबद्दल लागेल ते गिऱ्हाइकाला आधी लेखी कळवणं बंधनकारक केलं आहे.

आपल्याकडे एवढ्यासाठी नवा कायदा येण्याची वाट पाहायची गरज नाही. एक पानाचं ‘स्थळदर्शन पत्र’ पुरेसं आहे. तारीख, गाव, गट नंबर, क्षेत्र. ही जमीन अमुक यांनी मला प्रथम दाखवली. मी, माझे कुटुंबीय, भागीदार किंवा माझ्या वतीने कुणीही ही जमीन आजपासून बारा महिन्यांत घेतली, तर खरेदीखताच्या दिवशी इतकी ठोक रक्कम देईन. टक्क्यापेक्षा ठोक रक्कम बरी, कारण मग खरेदीखतात किंमत किती लिहिली याच्याशी दाव्याचा संबंध उरत नाही. मेव्हण्याच्या नावाची पळवाट एका ओळीने बंद होते. चार महिने गप्प बसण्याची युक्ती बारा महिन्यांच्या मुदतीने. लेखी करार असला की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली झटपट दाव्याचा रस्ताही खुला होतो. सही घेतली की एजंटालाही गट नंबर लपवायचं कारण उरत नाही. पार्टीला सातबारा पहिल्याच दिवशी मिळतो, तिचा वकील आठवडाभर आधी कामाला लागतो. ज्या पार्टीला असा कागद ‘अविश्वास’ वाटतो, तिने आपल्या सोसायटीत भाडेकरू ठेवताना किती कागद केले ते आठवून बघावं.

सही मिळतच नसेल तर निदान व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं: ‘आज आपणास अमुक गावातील अमुक गट दाखवला, कमिशन इतकं ठरलं.’ समोरून ‘ओके’ आलं तरी तो पुरावा होऊ शकतो. मात्र इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी ते अनिवार्य ठरवलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ती अट कायम आहे. फोन बदलताना जुना संभाषणाचा साठा पुसू नये, इतकी साधी काळजीही पुष्कळांना माहीत नसते.

साखळीतल्या माणसांनी आपसातही लिहायला हवं. बुडणारं प्रत्येक कमिशन पार्टी बुडवत नाही. पुण्याच्या एजंटाला त्याचे दोन टक्के मिळालेले असतात आणि गावातल्या पोराला ‘पार्टीने दिलेच नाहीत’ असं सांगितलं जातं. त्याला पार्टीचा नंबरही दिलेला नसतो, विचारायचं कुणाला? चौघांच्या साखळीत कुणाचा किती हिस्सा आणि तो कुणी कुणाला द्यायचा, हे ज्या दिवशी गाडी महामार्गावरून आत वळते त्याच दिवशी ग्रुपच्या मेसेजमध्ये लिहून ठेवता येतं. बहिणींच्या घरी फेऱ्या घालणाऱ्याचं नाव त्या यादीत पहिलं असावं.

आणि तरीही वाद झालाच, तर रस्त्यात दगड टाकण्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे जावं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली लोकअदालतीत दाखलपूर्व प्रकरण ठेवता येतं. दावा लावलेला नसताना, कोर्ट फी न भरता, समितीकडून समोरच्याला नोटीस जाते. कोथरूडच्या पार्टीला गावच्या बैठकीचं बोलावणं टाळता येतं. न्यायालयाच्या शिक्क्याचा कागद आला की ती निदान फोन तरी करते. हजर राहण्याची सक्ती नसते, तडजोड दोघांनी मान्य केली तरच होते. पण एकदा झाली की तिच्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं, त्यावर अपील नाही, आणि ठरलेली रक्कम वसूल करायला दरखास्त लावता येते. अर्ज साधा असतो: कुणाला, कोणता गट, कधी दाखवला, काय ठरलं. सोबत इंडेक्स टूची प्रत आणि फोनमधल्या संदेशांच्या छापील पानांचा गठ्ठा जोडायचा.